दिवसभराचा नमस्कार

आमच्या चिक्कडपल्लीच्या घरात एक कायदा होता. तो कुणी समोर बसवून शिकवल्याचं मला आठवत नाही, पण पाय कशालाही लागला की वाकायचं, त्या वस्तूला बोटं टेकवायची आणि तीच बोटं डोळ्यांना नाहीतर छातीला लावायची. वही, पेन, केरसुणी, सूप, जेवणाचं ताट, शेजारी झोपलेलं माणूस, यातून कुणाचीच सुटका नव्हती. घर दोन खोल्यांचं, त्यामुळं पाय सतत कशाला ना कशाला लागायचेच. आई भाकऱ्या थापता थापता पायानं सूप सरकवायची आणि पिठाचा हात तसाच छातीशी न्यायची. तिच्या घरात नेसायच्या सगळ्या साड्यांच्या पदरावर ज्वारीच्या पिठाची बोटं उमटलेली असत. जगातल्या सगळ्याच आयांच्या साड्यांवर ती असतात, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

त्या घराचं नाव काढलं की मला आधी आवाज ऐकू येतात. पहाटे देवळातला भोंगा, त्याच्या मागेपुढे लांबून येणारी अजान, मग खाली घरमालकीण लक्ष्मम्मा अंगणात सडा टाकायच्या त्याचा सपसप आवाज, आणि मग आमच्या तव्यावरची भाकरी. चौरस्त्यावरच्या थिएटरात नवा सिनेमा लागला की त्या दिवशी या सगळ्यावर ढोल. भाकरीबरोबर बहुतेक वेळा अंबाडीची भाजी असे. बाहेर सगळे तिला गोंगुरा म्हणत, आई हट्टानं अंबाडी म्हणे, पण करायची मात्र लक्ष्मम्मांसारखी, लसूण आणि लाल मिरच्या तेलात चांगल्या काळपट होऊ देऊन. आमचं बोलणंही तसंच होतं. भाजी आमची आणि फोडणी शेजारची. पुण्याची मावशी यायची तेव्हा माझ्या तोंडचं ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून तिचा चेहरा आंबायचा, आणि मग मी मुद्दाम जास्त बोलायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे उदगीरकडचे. शेतीच्या घरातले धाकटे. जमीन थोरल्या दोघांच्या हाती राहिली आणि आबा हैदराबादला आले ते इथलेच झाले. सुलतान बाजारात त्यांचं चपला-बुटांचं दुकान होतं, बोळकांडीएवढं, दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. त्यात एका बुटक्या स्टुलावर बसून ते दिवसभर लोकांचे पाय हातात घेत. कापडवाले, पुस्तकवाले, लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका, कॉलेजची मुलं, सगळ्यांचे पाय. उर्दूवाल्याशी उर्दू, तेलुगूवाल्याशी तेलुगू, आणि पायाशी काहीच न बोलता. टाच कशी झिजलीय ते बघून माणूस घाईचा की आरामाचा हे ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. एकदा गावाकडच्या लग्नात त्यांचे चुलतभाऊ पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की आमचा भाऊ हैदराबादेत लोकांचे पाय धरून पोट भरतो. सगळी पंगत हसली. आबाही हसले आणि त्यांनी बुंदी वाढून घेतली. मला राग त्या काकांचा आला नाही, लाज आबांची वाटली. हे आज लिहितानाही हात जड होतो, पण होतं ते असं होतं.

मी इंटरच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते, त्या साली ती चाकं घरात आली. माझा मावसभाऊ निखिल परदेशातून आला तेव्हा एक नवं खेळणं घेऊन आला होता. लोखंडाच्या दोन छोट्या पाट्या, प्रत्येक पायाला एक, जेमतेम बशीएवढ्या. वर खरखरीत कागद चिकटवलेला आणि खाली एकामागे एक अशी दोनच चाकं. पट्टा नाही, बंद नाही, पायाला बांधायची काही सोयच नाही. नुसतं आडव्या पायांनी त्यांच्यावर उभं राहायचं आणि पाय आत-बाहेर ढकलत सापासारखं पुढं जायचं. निखिलनं आमच्या गच्चीवर ते करून दाखवायचं ठरवलं आणि चहा येईपर्यंत त्याचं मनगट सुजलं होतं. जाताना त्यानं त्या पाट्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. पुढचे दोन महिने त्या पलंगाखाली पडून होत्या, आणि झाडताना आईची केरसुणी त्यांना अडकली की आई केरसुणीला नमस्कार करी आणि निखिलला नावं ठेवी.

त्या बाहेर आल्या त्या आबांमुळं. एके दिवशी दुकानात समीना नावाची मुलगी आली. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, हिमायतनगरला राहणारी. तिला पातळ, सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट हवे होते. आबांनी तिचे जुने बूट उलटे करून बघितले आणि बघतच राहिले. तळ बाहेरच्या कडेला घासलेला, टाच मात्र कोरी. असं चालणारं माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही नेमकं करता काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं पिशवीतून तशाच दोन पाट्या काढून दुकानाच्या फरशीवर ठेवल्या. आबा म्हणाले, ऐसी एक चीज हमारे घर में भी पडी है. संध्याकाळी ते घरी आले ते माझ्यासाठी तसलेच पातळ तळाचे बूट घेऊन. मला खाटेवर बसवलं, माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि नाड्या बांधल्या. दर जूनमध्ये शाळेचे बूट ते असेच चढवायचे. माझा हात सवयीनं त्यांच्या मांडीला लागून छातीशी गेला. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

समीनाच्या मामूंचा हिमायतनगरच्या मागच्या बाजूला एक फंक्शन हॉल होता, आणि त्याची गाड्या लावायची जागा म्हणजे शहाबादी फरशीचं मोठं अंगण होतं. लग्न नसेल त्या दिवशी सकाळी ते आमचं. मला आयुष्यात स्वप्नं फारशी पडत नाहीत, पण जी पडतात त्यातली निम्मी त्या अंगणात घडतात. रात्रीच्या लग्नाचा मंडप अर्धा सुटलेला, दोऱ्या लोंबत असलेल्या, बिर्याणीच्या धुतलेल्या देगी उपड्या घालून ठेवलेल्या, त्यांच्यातून अजून केवड्याचा आणि तुपाचा वास येणारा. फरशीवर गुलाबाच्या पाकळ्या ओल्या होऊन चिकटलेल्या. त्या चाकांत जायच्या, वाटल्या जायच्या, आणि मग आम्ही जिथून जाऊ तिथं फिकट लाल रेघा उठायच्या. समीना त्या पाट्यांना तश्तऱ्या म्हणायची, म्हणजे बशा, आणि मग आमच्यात तोच शब्द रुळला. ती ओढणी कमरेला गच्च बांधून त्या तश्तऱ्यांवरून जायची तेव्हा ती चालतेय, तरंगतेय की कुणी तिला दोरीनं ओढतंय ते कळायचं नाही.

त्या तश्तऱ्यांची एक गंमत होती. त्यांच्यावर स्थिर उभं राहता येत नाही. चालत राहिलात तर तोल, थांबलात की जमिनीवर. पहिले पंधरा दिवस मी भिंत सोडली नाही. भिंतीला एक हात, दुसरा समीनाच्या खांद्यावर, आणि ती सारखी सांगायची, हल्लू, हल्लू. मग एका सकाळी भिंत संपली आणि मला ते कळलंच नाही. मी तशीच अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. पायांखाली बारीक खरखर, कानांत वारं, आणि डोक्यात काहीच नाही. इंटरचं वर्ष, आईचे डोळे, पंगतीतले काका, कुणीच नाही. मी सुखी होते. तेव्हा मला ते म्हणता आलं नसतं, आज म्हणते. त्यानंतर आम्ही कोपऱ्यावरच्या बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, इडली खाल्ली, शेंगदाण्याच्या पातळ चटणीत बुडवून, आणि माझे पाय जमिनीवर असूनही पुढंमागं होत होते.

आईला हे सगळं पसंत नव्हतं. हिच्या पायाला आधीच भिंगरी, त्यात ही चाकं, असं ती लक्ष्मम्मांना तेलुगूत सांगायची, म्हणजे मला कळावं म्हणूनच. शेवटी तिनं निकाल दिला. दसऱ्यापर्यंत. दसऱ्याचं जेवण झालं की त्या पाट्या माळ्यावर जातील आणि मी टेबलाशी बसेन. आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू कधी खाली आलेली नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आईची स्वतःची पेटी, जिच्यावर ती लग्नाआधी गायची म्हणे, माझ्या जन्माच्याही आधी तिथं गेली होती. मी कबूल झाले, कारण मला एकच गोष्ट हवी होती आणि तेवढ्या दिवसांत ती येईल असं मला वाटलं. मला तश्तरी उलटवायची होती.

समीना ते करायची. चालता चालता एक छोटी उडी, डावा पाय आपल्या तश्तरीवर तसाच, आणि उजवा पाय बुटाच्या टोकानं आपल्या तश्तरीची कड उडवून द्यायचा. ती हवेत एकदा पूर्ण फिरायची, चाकं वर, मग पुन्हा खाली, आणि पाय तिच्यावर येऊन बसायचा. बोट मोडायला लागतो तेवढाही वेळ नाही. पण त्या मधल्या क्षणी माणूस आणि लोखंड दोघं एकमेकांपासून सुटलेले असत, आणि तरी पुढं जात असत. मला तो क्षण हवा होता. नाव नको, बक्षीस नको, कुणी बघायलाही नको. माळ्याच्या आधी एकदा तो क्षण माझा व्हावा, एवढंच.

आणि तो काही केल्या होईना. तश्तरी फिरायची, नीट फिरायची, पण माझा पाय परत येईपर्यंत माझाच तोल गेलेला असायचा, उजवीकडं, पुढं. लोखंड फरशीवर टण्ण वाजायचं आणि मी गुडघ्यांवर. समीनानं आधी पायाकडं बघितलं, मग कमरेकडं, मग एक दिवस म्हणाली, “तेरा सीधा हाथ नीचे कायकू जारा? कुछ गिरा क्या?” मला माहीत नव्हतं की हात जातो. मी म्हटलं, नाही जात. ती म्हणाली, जारा. मग तिनं स्वतःच्या ओढणीनं माझा उजवा हात कमरेशी बांधला. हात बांधून तश्तरीवर चढणं म्हणजे दगड बांधून पोहणं. त्या दिवशीचा गुडघ्याचा व्रण अजून आहे, आणि जिना चढताना त्याच गुडघ्यातून हल्ली करकर आवाज येतो. माझी मुलगी म्हणते, डॉक्टरला दाखव. मी म्हणते, दाखवते. असला पुरावा मोडीत काढायचं माझ्या मनात नाही.

घरी गच्चीवर मी हीच कसरत करत असताना एका रविवारी आबा वर आले. कपडे वाळत घातलेल्या दोरीला धरून ते बराच वेळ उभे राहिले. मी पडले, उठले, पडले. मग ते जवळ आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, परत कर. मी केलं. त्यांनी पायाकडं बघितलंच नाही. याचं मला नवल वाटलं, कारण ते फक्त पायांकडंच बघायचे.

“तुझा पाय चांगला हाय,” ते म्हणाले. “तू नमस्कार करायलीस.”

मला कळेना. तेव्हा त्यांनी करून दाखवलं, हात खाली आणि मग छातीशी, अर्धवट, घाईघाईनं, स्वतःलाही न कळेल असा. दुकानात दिवसातून किती वेळा तरी बघतो, म्हणाले. गिऱ्हाइकाचा पाय त्यांच्या हाताला लागला की गिऱ्हाइकाचा हात असाच जातो. म्हातारी असो, पोर असो. तोंडानं चपलेच्या किमतीवरून भांडत असतात आणि हात छातीशी. तू त्या पाटीला लाथ मारतीस आणि माफी मागायला वाकतीस, म्हणाले, म्हणून पडतीस. मी चिडून म्हटलं की मी काही मुद्दाम करत नाही. ते म्हणाले, मुद्दाम कोण करतं.

रोग कळला म्हणजे अर्धा बरा झाला म्हणतात. माझा वाढला. आता मला हात जाताना दिसायचा. मी तो दाबून धरला की खांदा आखडायचा, सोडला की हात जायचा. त्यातून एक वेगळीच गोष्ट झाली. हात जबरदस्तीनं थांबवला की मला खरोखरच काहीतरी वाईट वाटायचं, वहीवर पाय देऊन तसंच पुढं गेल्यासारखं. मी समीनाला ते समजावून सांगितलं. ती हसली नाही. आमच्याकडं भाकरीचा तुकडा खाली पडला की उचलून डोळ्यांना लावतात, म्हणाली, मेराभी हाथ जाता. बाहेर नवरात्र सुरू झालं होतं. संध्याकाळी आमच्या गल्लीत बतुकम्मा मांडायचे, तेरड्याच्या, झेंडूच्या आणि गुनगाच्या, म्हणजे कुरडूच्या फुलांचे थरावर थर, आणि लक्ष्मम्मांसकट सगळ्या बायका टाळ्या वाजवत भोवती फिरायच्या. मी खिडकीत बसून त्यांच्या पायांकडं बघायचे. फिरणाऱ्या पायांखाली फुलं यायची आणि कुणी थांबत नसे. मला त्याचाही हेवा वाटला.

माझ्या हिशेबात दोन दिवस उरले होते, नवमीचा पूर्ण दिवस आणि दसऱ्याची सकाळ. नवमीला हॉल मोकळा होता, समीना दिवसभर येणार होती. आणि अष्टमीच्या संध्याकाळी आबा दुकानातून आले आणि म्हणाले की तुझ्या पाट्या दे, उद्या खंडेनवमी, दुकानात अवजारांच्या पूजेला मांडू. खंडेनवमीला मांडलेलं अवजार दसऱ्याला उचलेपर्यंत वापरायचं नसतं. लहानपणी याच नियमाच्या आधारानं मी गणिताचं पुस्तक आवडीनं पूजेला ठेवलेलं होतं. आता तोच नियम माझ्यावर उलटला. मी नको म्हटलं, रडले, आईकडं गेले. आई म्हणाली, देवाच्या कामाला नाही म्हणायचं नसतं, आणि तिच्या आवाजात थोडं समाधान होतं. मी त्या रात्री जेवले नाही. आबांनी तश्तऱ्या जुन्या कपड्यानं पुसल्या, चाकांत अडकलेल्या वाळलेल्या पाकळ्या काडीनं एक एक काढल्या, आणि पिशवीत घातल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की मनात ते काकांचं वाक्य आलं, पाय धरून पोट भरतो. तोंडातून गेलं नाही, एवढं नशीब.

नवमीला सकाळी दुकानात जावं लागलंच. शटर अर्धं वर, आत उदबत्तीचा धूर आणि नव्या कातड्याचा वास. पाटावर लाल कापड, त्यावर पाय मोजायची लाकडी पट्टी, बुटात टाच सरकवायची पितळेची पट्टी, हातोडी, कात्री, शटरची जादा किल्ली आणि माझ्या दोन तश्तऱ्या, चाकं वर करून. आणि पाटाशेजारी ते बुटकं स्टूल. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडूचं फूल. त्या स्टुलाला फूल वाहिलेलं बघून मला काय झालं कोण जाणे, माझा राग एकदम उतरला. मी खाली बसले आणि आबांना विचारलं की तुमचा पाय नाही, पण हात तर दिवसभर लोकांच्या पायांना लागतो, तुम्ही कसं करता.

आबा उदबत्ती ओवाळून झाल्यावर बसले. सुरुवातीला त्यांचंही असंच व्हायचं, म्हणाले. पाय हातात आला की हात छातीकडं जायचा आणि बूट पडायचा. गिऱ्हाईक हसायचं. मग त्यांना त्यांच्या आज्याची आठवण झाली.

“आजा नांगराला हात घालायच्या आधी एकदा वाकायचा,” आबा म्हणाले. “जमिनीला हात लावायचा, डोळ्याला लावायचा. मग दिवसभर तिच्यावरच चालायचा, तिलाच उकरायचा. दर पावलाला वाकला असता तर पेरणी झाली असती का, माय? मी बी शटर उचलायच्या आधी उंबऱ्याला एकदाच करतो. दिवसभराचा. मग येतील तेवढे पाय येऊ दे.”

आणि मग पाटाकडं बघत ते म्हणाले, “म्हणून तर त्या मागून आणल्या. तुझा राहिला होता.”

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे सकाळचं मला निवांत लिहिता येईल. दसऱ्याच्या दुपारी पुरणपोळी आणि कटाची आमटी झाल्यावर आईनं शब्दाप्रमाणे तश्तऱ्या माळ्यावर टाकल्या. टाकल्या म्हणणं बरोबर नाही, तिनं त्या आपल्या जुन्या साडीत गुंडाळल्या आणि पेटीला टेकवून ठेवल्या. पेटीवरून हात फिरवून धूळ झटकली आणि खाली उतरली. मी टेबलाशी बसले, परीक्षा दिली, पुढं जे व्हायचं ते झाले. समीनाचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं आणि पाकळ्या आमच्याही चपलांना चिकटल्या. आबांना जाऊन आता चार वर्षं होतील. त्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि मी त्या बाजूला, कोठीला गेले की तिथून मान खाली घालून न जाता, मुद्दाम थांबून जाते.

तर दसऱ्याची सकाळ. अजून नीट उजाडायचं होतं. आबा आणि मी पहिल्या बसनं सुलतान बाजारात उतरलो. ज्या गल्लीत एरवी खांद्याला खांदा घासल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी होती. दोन्ही बाजूंना बंद शटरं, त्यांच्यावर झेंडूच्या माळा, प्रत्येक उंबऱ्यापुढं आदल्या दिवशी फोडलेल्या कोहळ्याचं कुंकू. कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर एक मांजर बसलं होतं. कुणीतरी लांबवर एकच सायकल ढकलत जात होतं आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. इतकी मोठी शांतता त्या गल्लीत होती आणि मला ती कधी माहीतच नव्हती. आबांनी उंबऱ्याला हात लावला, छातीशी नेला, शटर उचललं. पूजेतल्या तश्तऱ्या काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि स्वतः बुटकं स्टूल घेऊन बाहेर दारात बसले. अर्धा तास, म्हणाले, मग झाडलोट आहे, जम्मीची, म्हणजे शमीची पानं वाटायची आहेत.

मी वाकले. दोन्ही तश्तऱ्यांना हात लावला, मग खालच्या फरशीलाही लावला, डोळ्यांना लावला. बोटांवर कुंकू आलं. दिवसभराचा, असं मी मनात म्हटलं, आणि लाजलेही, कारण असं मनात मोठ्यानं कधी काही म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा हात गेलाच. दुसऱ्यांदा निघाला आणि अर्ध्यात विसरल्यासारखा थांबला, पण पाय चुकला. मांजर उठून गेलं. मी गल्लीच्या वरच्या टोकाला गेले आणि तिथून निघाले. उताराला आपोआप वेग आला, शटरं दोन्हीकडून सरकायला लागली, चाकांची खरखर भिंतींवरून परत येत होती. आबांच्या दुकानाच्या थोडं अलीकडं मी उडी घेतली आणि लाथ मारली. तश्तरी फिरली. तिची चाकं आकाशाकडं झालेली मी बघितली, चारी बाजूंना चिकटलेलं कुंकू बघितलं, आणि मग ती पुन्हा माझ्या पायाखाली होती आणि मी चालत होते. माझे दोन्ही हात हवेत, जिथल्या तिथं होते.

थांबता येत नाही त्यांच्यावर, हे मी सांगितलंच आहे. म्हणून मला लगेच मागं वळून बघता आलं नाही. मी तशीच गल्लीच्या तोंडापर्यंत वाहत गेले, तिथं उतरले, आणि मग वळले. आबा स्टुलावरून अर्धे उठलेले होते. त्यांचा उजवा हात खाली जमिनीला लागला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो सावकाश वर आणला आणि छातीला लावला. माझा राहिलेला त्यांनी केला.

मला बघितल्यावर त्यांनी तोच हात झटकला, जणू धूळ लागली होती, आणि म्हणाले, “ये, झाडू घे.”